पाहुण्यापुरती भट्टी

आमच्या कारखान्यात आता नळ बनत नाहीत, नळांची गावं बदलतात. कंटेनरमधून येतात ते तयारच येतात: चकचकीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, बुडाशी तिकडच्या देशाचं नाव छापलेलं. आम्ही बायका थिनरमध्ये चिंधी बुडवून ते नाव पुसतो. पलीकडच्या टेबलावरची बाई त्याच जागी आमचा शिक्का उमटवते. मग नळ पुन्हा खोक्यात बसतात आणि दुसऱ्या बंदराकडे निघतात. संध्याकाळी हात साबणाने कितीही घासा, घास तोंडाशी नेला की आधी थिनर लागतो, मग भाजी.

हा खटाटोप कशासाठी, ते आमच्या सुपरवायझरने मला समजावून सांगितलं, आणि सांगताना इतका खुशीत होता की जणू हे डोकं त्यानेच लढवलंय. ज्या देशात हे नळ विकायचे, तो देश नळ जिथे बनतात तिथल्या मालावर जबर कर लावतो. आमच्या मालावर लावत नाही, कारण दोघांचा तसा करार आहे. म्हणून नळ आधी आमच्याकडे उतरवायचे, दोन दिवस आमची हवा खाऊ द्यायची आणि ‘इथेच बनले’ म्हणून पुढे पाठवायचे. ‘‘यात नुकसान कुणाचंच नाही,’’ तो म्हणाला. याच नळांनी आधी आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या ओतशाळा बंद पाडल्या होत्या. आमच्या पितळेच्या भावात त्यांचा अख्खा नळ मिळायचा, मग आमचा कोण घेणार? एकेक धुरांडं थंड पडलं. आमचं तेवढं तग धरून होतं, कारण थोरले मालक हट्टी होते.

थोरले मालक गेले आणि त्यांच्या मुलाने, म्हणजे धाकट्या मालकांनी, कारखान्याचा मोठा हिस्सा परदेशी कंपनीला विकला. गावभर बोर्ड लागले, गुंतवणूक आली म्हणून. गुंतवणूक आली आणि पहिलं काम काय केलं, तर भट्टी विझवली. पुरुषांना घरी पाठवलं. बायकांची बोटं नाजूक म्हणून आम्हाला पॅकिंगमध्ये ठेवलं. बोटं नाजूक! वीस-वीस किलोची वाळू चाळणारी बोटं आमची.

माझा मोठा भाऊ त्या भट्टीवर मुख्य ओतारी होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, मी दादा म्हणते. तो साचे भरायचा आणि पितळ ओतायचा. मी त्याच्या शेजारी बसून वाळूचे गाभे बनवायचे. गाभा म्हणजे नळाच्या पोटातली पोकळी. तो साच्यात नीट बसवला नाही तर नळ भरीव निघतो आणि त्यातून पाणी काय, वाराही जात नाही. माझी जीभ तिखट म्हणून दादाने माझं नाव ठिणगी पाडलं होतं. भट्टी बंद झाल्यापासून मात्र त्याने मला त्या नावाने हाक मारली नव्हती. तो कुठे गेट रंगवायचा, कुठे टाक्या धुवायचा, आणि उरलेला दिवस दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा. वहिनी त्याला वळसा घालून आत-बाहेर करायची. ‘‘अहो, एक तर आत बसा, नाहीतर बाहेर जा,’’ असं ती म्हणायची. तो दोन्ही करायचा नाही.

अशात एका रविवारी धाकटे मालक आमच्या घरी आले. स्वतः आले, गाडी कोपऱ्यावर लावून, गल्लीतली गटारं ओलांडत. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी ती रुमालाने पुसली. मला तिथेच समजलं की काहीतरी घोडं अडलंय.

‘‘मिस्त्री, तुमच्याशिवाय जमणार नाही,’’ ते म्हणाले.

अडलं होतं ते असं. ज्या देशात नळ जातात, तिथल्या कुणा कारखानदाराने तक्रार केली होती की हे नळ मुळात इथे बनतच नाहीत. म्हणून तिकडून तपासनीस येणार होता. ओतकाम खरंच इथे चालतं का, ते डोळ्यांनी बघून त्याला कळवायचं होतं. तो ‘नाही’ म्हणाला की कर बसणार, आणि कर बसला की कंपनी एका रात्रीत गाशा गुंडाळणार.

‘‘एक दिवस भट्टी पेटलेली दिसली पाहिजे. तुम्ही, जुनी माणसं, सगळं तसंच. आणि हे पार पडलं ना मिस्त्री, तर माझा शब्द आहे, भट्टी खरोखर सुरू करायची. मी वरच्यांशी बोललोय.’’

‘‘खरोखर म्हणजे? रोज?’’ दादाने विचारलं.

‘‘रोज. घरची माणसं तुम्ही. वडिलांनी तुम्हाला हाताला धरून शिकवलंय, मी काय परका आहे?’’

दादाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मालक गेल्यावर मी म्हटलं, ‘‘दादा, हा माणूस तुझ्या तोंडाला पानं पुसतोय.’’

‘‘तुला सगळ्यात घाणच दिसते.’’

‘‘मी घाणीत बसते दिवसभर, मला नाही दिसणार तर कुणाला?’’

‘‘शब्द दिलाय त्याने. थोरल्या मालकांचा मुलगा आहे तो.’’

वहिनीने दादाचा भट्टीवरचा जुना जाड कातडी ॲप्रन माळ्यावरून काढला आणि तेल लावून दारात वाळत टाकला. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, हो, कदाचित होईल. एवढी वर्षं बोलून दाखवणाऱ्या माझ्यासारखीलाही आशा सुटत नाही, याची मला आजही चीड येते.

पुढचे काही दिवस कारखान्यात भलतंच काम चाललं. आधी भट्टीचा सगळा भाग धुऊन काढला, कारण तिथे रिकामी खोकी रचून उंदरांनी बिळं केली होती. धुतल्यावर ती जागा फारच स्वच्छ दिसायला लागली, म्हणून पुन्हा घाण केली. वाळूत काजळी मिसळून भिंतींवर फासली. कुठून तरी भंगारातल्या साच्यांच्या चौकटी आणल्या. ऐरण आमचीच होती, ती फाटकाजवळ कुंडीखाली सापडली. जुने ओतारी गोळा केले. कुणी भाजी विकत होता, कुणी पहारा करत होता, एकाचा हात थरथरायला लागला होता. सगळ्यांना नवे कपडे दिले आणि ते चुरगाळून घालायला सांगितले.

तपासणीच्या सकाळी हद्द झाली. माणसं दाढी करून, केस विंचरून, लग्नाला निघाल्यासारखी आली होती. ऑफिसातली पोरगी मेकअपचा ब्रश आणि काजळाची डबी घेऊन ओळीने फिरली आणि प्रत्येकाच्या गालाला, कपाळाला काळं लावत गेली. ज्यांच्या चामडीत उभ्या आयुष्याची काजळी मुरली होती, त्यांना ही पोरगी काळं लावत होती, आणि ते मान वर करून लावून घेत होते. ‘‘थोडं नाकावर पण लाव गं,’’ एक म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. मी हसले नाही. मलाही पॅकिंगमधून उठवून जुन्या जागी, गाभ्यांच्या पाटासमोर बसवलं होतं. माझ्याही गालावर ब्रश आला, तेव्हा मी तिचा हात धरला. ‘‘मला नको,’’ म्हटलं. ती घाबरून पुढच्याकडे गेली.

दादाचं मात्र वेगळंच घोडं अडलं. त्याने मूस तपासली, म्हणजे पितळ वितळवायचं भांडं. ते रिकामं होतं.

‘‘पितळ कुठाय?’’

‘‘पितळ कशाला?’’ धाकटे मालक म्हणाले. ‘‘डिझेल आहे. ज्वाळा दिसल्या की झालं.’’

‘‘रिकाम्या मुशीखाली भट्टी पेटवत नाहीत, मालक. तडकते.’’

‘‘तडकू दे ना. मिस्त्री, सिनेमात जेवतात ते काय खरं जेवतात? तुम्ही नुसतं ओतल्यासारखं करायचं. तो लांब उभा असेल. मग हा साचा उघडायचा, आणि यातला नळ काढून त्याला दाखवायचा. एवढंच.’’

नळ त्या साच्यात आधीच पुरून ठेवला होता. कंटेनरमधूनच एक उचलला होता, वरची चमक घासून काढली होती आणि त्यावर पितळी रंग फवारला होता. दादाने तो वाळूतून जरासा वर ओढून हातात तोलून पाहिला आणि परत ठेवला. रोजच्या भट्टीपायी त्याने हेही गिळलं.

तपासनीस दुपारी आला. मध्यमवयीन, घामाघूम, बूट इतके स्वच्छ की तो ते जपत चवड्यांवर चालत होता. बरोबर दुभाषी म्हणून एक तरुण मुलगी होती, आमच्याच भाषेत वाढलेली. धाकटे मालक त्याच्याभोवती असे घुटमळत होते की शेपूट तेवढं दिसायचं बाकी होतं. भट्टी पेटली. डिझेलच्या काळ्या ज्वाळा वर गेल्या, सगळे खोकायला लागले. आमच्या खऱ्या भट्टीने कधी असा धूर ओकला नव्हता. दादाने लांब दांड्याची पळी मुशीत घातली, जड असल्यासारखी उचलली आणि साच्यावर तिरपी केली. पळीतून काहीच पडलं नाही. मला मान वर करवेना.

मग त्याने साचा उघडला, वाळू झटकली आणि नळ चिमट्याने बाहेर काढला. इथवर सगळं ठरल्याबरहुकूम झालं.

आता थोरल्या मालकांची एक शिस्त होती, ती सांगायला हवी. दिवसाचा पहिला नग विकायचा नाही. तो फोडायचा, सगळ्यांदेखत. ज्याने ओतला त्याने हातोडा मारायचा आणि जिने गाभा बनवला तिने चिमट्यात धरायचा. आतल्या धातूचा दाणा बघायचा, पोकळी बघायची, मग दुसऱ्या नगाला हात लावायचा. मालक स्वतः समोर उभे असायचे. आजारी असले तरी पहिला नग फोडायला खाली यायचेच. आम्ही हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा केलं होतं की ते करायला डोकं लागत नव्हतं.

दादा नळ घेऊन ऐरणीकडे वळला. मी पाटासमोरून उठले. त्याने नळ ऐरणीवर ठेवला, मी दुसऱ्या चिमट्याने तो घट्ट धरला. शपथेवर सांगते, माझ्या मनात काहीच नव्हतं. त्याच्याही नसावं. त्याने हातोडा उचलला तेव्हा मला धाकट्या मालकांचं ‘‘मिस्त्री!’’ ऐकू आलं, पण तोवर हातोडा खाली आला होता.

एका टोल्यात दोन तुकडे झाले. पितळ असं फुटत नाही; त्याला जोर लागतो, ते आधी कण्हतं. हे वाळलेल्या मातीसारखं फुटलं. वरून पिवळं, आतून राखाडी. स्वस्तातलं जस्त. दोन राखाडी तोंडं वर करून ते तुकडे ऐरणीवर पडले होते आणि सगळी ओतशाळा त्यांच्याकडे बघत होती.

दादाच्या काळं फासलेल्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आपल्याच हाताने त्याने आपली भट्टी फोडली होती. धाकटे मालक तर पांढरेफटक पडले. तपासनीस दोन पावलं पुढे आला, त्याने एक तुकडा उचलला, उलटा केला, आत पाहिलं. अंगठ्याने वरचा भाग चोळला. पितळी रंग अंगठ्याला लागला. त्याने तो अंगठा नीट निरखला आणि खिशातून रुमाल काढून पुसला. मग तो दुभाषी मुलीला काहीतरी म्हणाला.

मुलीने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणाली, ‘‘साहेबांना हे फार आवडलं. जुनी पद्धत आहे ना, म्हणून. पुन्हा एकदा करून दाखवाल का, म्हणतात. फोटो काढायचा राहिला.’’

मग धाकट्या मालकांना एकदम कंठ फुटला. ‘‘हो हो! का नाही! आणा रे दुसरा!’’ पॅकिंगमधून पळत पळत दुसरा नळ आणला. त्यावर तर रंगही नव्हता, नुसता चकचकीत, पिशवीसकट. मालकांनी स्वतः पिशवी फाडली. दादाला हातोडा डोक्याच्या वर धरायला लावला, चेहरा जरा उजेडाकडे, जरा हसरा. मी चिमटा खाली टाकला आणि बाजूला झाले. मग दुसऱ्या एका बाईला उभं केलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली, पण त्याला ती दिसली की नाही कोण जाणे. कॅमेरा चमकला, हातोडा खाली आला, आणि पुन्हा तीच राख.

निघताना ती दुभाषी मुलगी पाणी प्यायला आमच्या बाजूला आली. मी तिला गाठलं.

‘‘त्याला दिसलं नाही?’’

‘‘दिसलं की, मावशी.’’

‘‘मग?’’

‘‘म्हणाले, भट्टी आहे का, एवढंच बघायला पाठवलंय. नळ कशाचा, ते कुणी विचारलेलं नाही.’’ ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, ‘‘आणि ही कंपनी साहेबांच्याच देशातली. तिथल्याच लोकांचे पैसे आहेत यात. कोण कुणाला पकडणार?’’

म्हणजे फसलेलं कुणीच नव्हतं. ज्याच्या डोळ्यांत धूळ फेकायची, तो डोळे मिटूनच आला होता. एवढं काळं फासलं, एवढा धूर केला, तो कुणासाठी? मला ओकारी आली. मागे नळाजवळ जाऊन मी खरंच ओकले. तोंड धुवायला नळ सोडला तर तोही आमच्याच खोक्यातला, चावी हातात आली.

पाहुणे गेल्यावर दादा तोंड न धुताच धाकट्या मालकांपुढे जाऊन उभा राहिला. मी मागे होते.

‘‘मालक, चुकून झालं ते. सवयीने.’’

‘‘अरे सोड! उलट बरंच झालं. त्याला जाम आवडलं. पास आहोत आपण!’’

‘‘मग भट्टी कधीपासून?’’

‘‘कसली भट्टी?’’

‘‘रोजची. तुम्ही म्हणाला होतात.’’

मालकांना खरोखर आठवेना. आठवलं तेव्हा ते हसले, आणि ते हसू वाईट नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. ‘‘अरे, पास झालो ना आता? नापास झालो असतो तर विचार करावा लागला असता. आता कशाला पेटवायची?’’ त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, काजळी लागली म्हणून काढून घेतला. ‘‘पुढच्या तपासणीला पहिला तुलाच बोलावतो.’’

सकाळपर्यंत तो ‘तुम्ही’ होता. दादा ‘बरं’ म्हणाला. मालकांना बरंवाईट बोलले ते मीच, आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं, कारण ते खुशीत होते. दादा मला दंडाला धरून फाटकापर्यंत घेऊन आला. ‘‘तुझी नोकरी राहू दे,’’ एवढंच म्हणाला.

पुढच्या महिन्यात पॅकिंगमध्ये नवी खोकी आली. सुपरवायझरने गठ्ठा सोडला आणि शीळ घातली. खोक्याच्या दर्शनी बाजूवर दादा होता. हातोडा वर, गालावर काळं, जरा हसरा. खाली परक्या भाषेत एक ओळ. सुपरवायझरने हौसेने वाचून दाखवली: पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर इथला प्रत्येक नळ स्वतः पारखतात.

मला वाटलं, हे सगळे गठ्ठे थिनरमध्ये बुडवून पेटवून द्यावेत. नाही दिले. खोकी उघडली, नळ भरले, चिकटपट्टी लावली. दिवसभर.

एक खोकं मी घरी आणलं. का आणलं ते मलाही धड सांगता येणार नाही. दादाला ते कुणीतरी दाखवायलाच हवं होतं, आणि ते परक्याने दाखवू नये असं वाटलं असेल. वहिनीने ते पदराने पुसलं आणि म्हणाली, ‘‘फोटो छान आलाय हो.’’ म्हणाली आणि आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दादा चौकटीला टेकून उभा होता. त्याने खोकं हातात घेतलं, चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, आतही डोकावला. मी वाट बघत होते. त्याने ते भिंतीवर आपटावं, शिवी द्यावी, निदान माझ्यावर ओरडावं.

‘‘ठिणगे,’’ तो म्हणाला, ‘‘तुमच्याकडे पॅकिंगला माणसं घेतायत म्हणे.’’

‘‘बायका घेतात.’’

‘‘विचारून तर बघ. हाताला सवय नाही, पण शिकेन.’’

मला त्याची किळस आली. हे लिहिताना हात अडखळतो, पण आली. आणि वहिनी आतून ऐकत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरला विचारलं. त्याने धाकट्या मालकांना विचारलं. मालक म्हणाले, घ्या की, घरचाच माणूस आहे.

आता दादा माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. पहिल्या दिवशी त्याने खोकी उलटी घडी घालून उभी केली, चित्र आतल्या अंगाला. सुपरवायझर लांबूनच ओरडला. मी उठून दादाजवळ गेले, त्याच्या हातातलं खोकं घेतलं आणि हळू हळू, दोनदा, घडी घालून दाखवली. चेहरा बाहेर आला पाहिजे, दादा, म्हटलं.